घरातली माणसं सोंगट्यांसारखी मांडली तर?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना मागेपुढे झालेलं थोडं सरळ केलंय, बाकी भाषा आपली नेहमीचीच.

सुरुवातीलाच विचारते. तुमच्या घरात कोणाचं कोणाशी जमतं? चारचौघांत कोणी हे विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे." बरं, मग असं करू. समोर एक पाट आहे. हातात पाच-सहा सोंगट्या आहेत. एक बाबा, एक आई, एक आजी, एक भाऊ, एक तुम्ही स्वतः. मांडा बघू. कोण कोणाशेजारी? कोणाचं तोंड कोणाकडे, कोणाची पाठ कोणाकडे? आणि तुम्ही कुठे? मधोमध, की पार पाटाच्या कडेला?

इथे हात थबकतो. "व्यवस्थित आहे" हे वाक्य तोंडाने बोलता येतं, पण सोंगटी कुठेतरी ठेवावीच लागते. बाबांच्या जवळ ठेवली तर किती जवळ? आईच्या मागे ठेवली तर मागेच का?

मानसोपचारात या पद्धतीला कौटुंबिक शिल्प म्हणतात. कधी खरीखुरी माणसं खोलीत उभी करतात, कधी मातीच्या आकृत्या करायला देतात, कधी पटावर लाकडी बाहुल्या मांडतात. हेतू एकच. घरातली नाती शब्दांत येण्याआधी डोळ्यांना दिसावीत. आज या पद्धतीचा इतिहास सांगते. तो व्हिएन्नात सुरू होतो आणि आपल्या तापीकाठाशी त्याचं एक मजेशीर नातं लागतं.

शाईचे डाग आणि रिकामं नाटक

साल १९२१. स्वित्झर्लंडमध्ये हर्मान रोर्शाक नावाच्या डॉक्टरने एक पुस्तक छापलं. त्यात शाईच्या डागांची दहा चित्रं होती. "यात काय दिसतं?" एवढाच प्रश्न. डागाला स्वतःचा अर्थ नसतो, म्हणून बघणारा आपल्या मनातलं काहीतरी त्यावर टाकतो, ही त्यामागची कल्पना. पुढे १९३९ साली लॉरेन्स फ्रँक या अभ्यासकाने अशा सगळ्या पद्धतींना 'प्रोजेक्टिव्ह' हे नाव दिलं. मराठीत आपण प्रक्षेपण म्हणतो. पडद्यावर सिनेमा पडतो ना, तसं. पडदा कोरा, चित्र आपलं.

त्याच १९२१ साली व्हिएन्नात याकोब मोरेनो नावाचा तरुण डॉक्टर वेगळाच खटाटोप करत होता. त्याने लेखकाशिवायचं नाटक सुरू केलं. संहिता नाही, पाठांतर नाही, जे सुचेल ते रंगमंचावर करायचं. त्यातून पुढे सायकोड्रामा ही उपचारपद्धत उभी राहिली. मोरेनो नंतर अमेरिकेत गेला. न्यूयॉर्क राज्यात हडसन इथल्या मुलींच्या सुधारशाळेत त्याने मुलींना विचारलं, तुला कोणाबरोबर राहायला आवडेल, कोणाबरोबर नाही? उत्तरांचे त्याने नकाशे काढले. कोणाकडे खूप बाण जातात, कोणाकडे एकही जात नाही, हे कागदावर दिसायला लागलं. १९३४ साली त्यावर त्याचं पुस्तक आलं. नात्याला जागा असते आणि ती जागा काढून दाखवता येते, हा धडा इथून मिळाला.

तिसरी व्यक्ती लंडनची डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड. १९२०च्या दशकाच्या शेवटी तिने आपल्या मुलांच्या दवाखान्यात वाळूचे ट्रे आणि खेळण्यांनी भरलेलं कपाट ठेवलं. माणसं, जनावरं, घरं, कुंपणं, सगळं. मुलं त्या वाळूत आपापलं जग मांडायला लागली. 'जग' हे नावही मुलांनीच दिलं. लोवेनफेल्डबाईंची एक शिस्त मला फार महत्त्वाची वाटते. मुलाने मांडलेल्या जगाचा अर्थ डॉक्टरने झटकन सांगायचा नाही. मुलालाच विचारायचं, हे काय आहे? ही शिस्त लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

माणसांचीच माती

आता १९६०चं दशक संपत आलंय आणि आपण अमेरिकेतल्या बॉस्टनला आहोत. तोवर मानसोपचारात एक मोठा बदल झाला होता. आजारी माणूस एकटा खोलीत बसवून चालत नाही, अख्खं घर समोर हवं, असं मानणारे थेरपिस्ट वाढले होते. पण अख्खं घर समोर आलं की नवीच अडचण! बोलायचं कोणी? जो घरात जास्त बोलतो तोच इथेही बोलणार. मुलं गप्प, सुना गप्प.

डेव्हिड कँटर, फ्रेड डुल आणि बनी डुल या तिघांनी त्यावर वाट काढली. घरातल्या एकाला शिल्पकार करायचं. त्याने काही न बोलता बाकीच्यांना मातीसारखं हलवायचं. बाबांना खुर्चीवर उभं करायचं, आईचा हात ताईच्या खांद्यावर ठेवायचा, भावाला दाराकडे तोंड करून उभं करायचं. मग सगळ्यांनी तसंच थांबायचं. थेरपिस्ट प्रत्येकाला विचारणार, या जागी उभं राहून कसं वाटतंय? या पद्धतीवरचा त्यांचा सविस्तर लेख १९७३ साली आला.

त्याच काळात व्हर्जिनिया सॅटीर या थेरपिस्टने शरीराच्या ठेवणी वापरल्या. तिचं १९७२चं पुस्तक त्यासाठी ओळखलं जातं. ताण आला की माणसं साधारण चार तऱ्हांनी वागतात, असं ती म्हणायची. एक गुडघे टेकून सगळ्यांची मनधरणी करतो. एक बोट रोखून दोष देतो. एक लाकडासारखा ताठ उभा राहून फक्त तर्क सांगतो. एक भलतंच काहीतरी करून विषय उडवतो. ती माणसांना खरोखर त्या ठेवणीत उभं करायची. पाच मिनिटं बोट रोखून उभं राहिलं की हात दुखायला लागतो. दोष देणाऱ्यालाही दमायला होतं, हे त्याला स्वतःच्या खांद्यातून कळायचं.

पटावर उतरलेलं घर

माणसं उभी करणं सगळ्यांना झेपत नाही. कोणी लाजतं, कोणी चिडतं, कोणी येतच नाही. म्हणून शिल्प लहान झालं आणि टेबलावर आलं. नॉर्वेमध्ये डेव्हिड क्वेबेक यांनी १९७०च्या दशकात बुद्धिबळासारखा, पण शंभर घरांचा पट आणि लाकडी आकृत्या वापरल्या. घरं मोजता येतात, म्हणजे अंतरही मोजता येतं.

पुढे झुरिकमध्ये थॉमस गेरिंग यांनी 'फास्ट' नावाची चाचणी तयार केली. त्यात ४५ सेंटिमीटर लांब-रुंद पट, ९ गुणिले ९ म्हणजे ८१ घरं. आकृत्यांच्या खाली ठेवायला लहान-मोठे ठोकळे. जवळीक दाखवायची तर आकृत्या जवळ ठेवायच्या. घरात कोणाचं चालतं हे दाखवायचं तर त्याच्या पायाखाली ठोकळा द्यायचा. ज्याचं जास्त चालतं तो जास्त उंच. आणि हे एकदा नाही, तीनदा करायचं. रोजचं घर कसं आहे, तुम्हाला हवं तसं घर कसं असेल, आणि भांडणाच्या वेळी घर कसं दिसतं.

कल्पना करा. समजा शिरपूर तालुक्यातलं एक घर आहे. हे घर मी बनवलंय, खरं कोणी शोधू नका. आजोबा, आजी, आई, सोळा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सुरतला कापडाच्या कामावर असलेले वडील. मुलगी मांडायला बसते. वडिलांना पटाच्या पार कोपऱ्यात ठेवते. आजोबांखाली सगळ्यात उंच ठोकळा. आई चुलीपाशी म्हणून एका बाजूला, तिच्याखाली काहीच नाही. स्वतःला ती आईच्या बरोबर मागे ठेवते.

मग भांडणाचा पट. इथे मुलगी एकच बदल करते. वडिलांची सोंगटी उचलून आजोबांच्या शेजारी ठेवते. वडील तर सुरतला आहेत, भांडणात ते कुठून आले? फोनवरून. भांडण झालं की आजोबा फोन लावतात आणि वडील तिकडून आजोबांचीच बाजू घेतात. रोजच्या पटावर लांब असलेला माणूस भांडणात सगळ्यात जवळ येतो, तोही आईच्या विरुद्ध बाजूला. ही गोष्ट त्या मुलीने बोलून सांगायची म्हटली असती तर तिला किती वेळ लागला असता? कदाचित ती सांगितलीच गेली नसती.

आपल्याकडे हे कुठवर आलं?

भारतात घराला उपचारात घेण्याची गोष्ट परदेशातून उसनी आली असं समजू नका. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉक्टर विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला सांगितलं. घरचे लोक रुग्णासोबत राहिले तर माणूस लवकर सावरतो आणि घरी परत घेतला जातो, हे त्यांनी दाखवलं. वेल्लोरलाही त्याच दशकात कुटुंबासह राहण्याची सोय झाली. मुंबईत तर आज आपण ज्याला टिस म्हणतो, त्या टाटांच्या समाजकार्याच्या शाळेने १९३७ सालीच मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं.

परकी चित्रं आपल्या लोकांना दाखवून चालणार नाहीत, हेही इथे लवकर कळलं. चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावणारी एक अमेरिकन चाचणी आहे. तिच्यातली माणसं, कपडे, खोल्या सगळं तिकडचं. उमा चौधरी यांनी १९६०च्या सुमारास तिचं भारतीय रूप तयार केलं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या खान्देशात मातीतून घर मांडायची रीत फार जुनी आहे, आणि ती मुलींच्या हातात आहे.

गुलाबाई. जळगावकडच्या मैत्रिणींना लगेच कळलं असेल. कोणी भुलाबाई म्हणतं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, महिनाभर. कुंभाराकडची मातीची जोडी घरात बसवायची, गुलाबाई आणि गुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. मांडीवर बाळ. संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमायच्या, टाळ्या वाजवत गाणी म्हणायच्या. मीही म्हटली आहेत. गाणी झाली की डबा हलवून खाऊ ओळखायचा. तेव्हा आमचं सगळं लक्ष त्या डब्यातच असायचं.

मोठं झाल्यावर गाण्यांचा अर्थ लागला. गाण्यांत देव कमी आणि सासर जास्त! सून माहेरी जायला परवानगी मागते. सासू एकामागून एक अटी घालते. बी पेर, वेल येऊ दे, फूल येऊ दे, भाजी कर, मग जा. दुसऱ्या गाण्यांत सासरा, दीर, नणंद, नवरा असे सगळे आपापल्या जागी उभे असतात. प्रत्येकाचा ठोकळा किती उंच, हे गाण्यातून नेमकं कळतं. गाणारी मुलगी दहा वर्षांची. तिचं अजून लग्नही नाही. पण तिच्या शेजारी उभी असलेली वहिनी, काकू तेच गाणं म्हणत असते, आणि तिला ते स्वतःच्या नावाने बोलायची मुभा नसते. गुलाबाईच्या नावाने असते. मातीची बाई समोर बसलेली आहे, तिचं सासर आहे, आपण फक्त गातोय. कोरा पडदा, चित्र आपलं!

मी असं म्हणत नाही की गुलाबाई म्हणजे थेरपी. सण हा सण आहे. त्यात कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. गाणं संपलं की वहिनी भांडी घासायला परत जाते. पण गप्प बसवलेल्या माणसाला एखादी मूर्ती समोर ठेवून बोलता येतं, हे आपल्या आज्यांना बॉस्टनच्या आधी माहीत होतं.

दुसरा सण शेजारी ठेवून बघा. श्रावणातली कानबाई. धुळ्यात पांझरेवर विसर्जनाला किती गर्दी होते, सांगायला नको. कानबाईच्या रोटांसाठी बऱ्याच कुळांत घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने, माणशी सव्वा मूठ धान्य घेतात. रोट भाऊबंदांतच खायचे. सुरत, पुणे, नाशिककडे गेलेली माणसं त्यासाठी गावी येतात. मला हा सण आवडतो, घर भरतं. पण मोजणी कशी होते ते बघा. हेसुद्धा घराचं एक चित्रच आहे, धान्याच्या मुठींनी मांडलेलं. त्यात दळणारी, लाटणारी, भाजणारी बाई मुठींत कुठे येते?

कागदाचंही तेच. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुने कागद गोळा केले. १९२६च्या ३१ डिसेंबरला ते इथे धुळ्यातच गेले आणि १९२७ साली त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. विवाहसंस्था कायम आजच्यासारखीच होती हा समज त्यांनी आपल्या लेखनातून हलवला, आणि तेव्हा मोठी खळबळ उडाली. जुन्या वंशावळी कधी बघितल्यात का? बाप, मुलगा, नातू, पणतू अशी पुरुषांचीच ओळ खाली उतरत जाते. घराचं अधिकृत चित्र कर्त्याच्या हाताने काढलेलं असतं. शिल्प मांडायला बसलेली सोळा वर्षांची मुलगी दुसरं चित्र काढते. म्हणून ती सोंगटी कोणाच्या हातात पहिल्यांदा द्यायची, हा प्रश्न मला पटाच्या आकारापेक्षा मोठा वाटतो.

अंतर वाचायचं कोणाच्या फूटपट्टीने?

आता धोका. गेरिंग यांच्या चाचणीसारख्या पद्धतींत एक गृहीत आहे. निरोगी घरात नवरा-बायको एकमेकांच्या सगळ्यात जवळ असतात, आणि आई-वडिलांची पिढी मुलांच्या पिढीपेक्षा थोडी उंच असते. मुलगा बापापेक्षा आईला जास्त चिकटलेला दिसला, की तिथे लाल शेरा. साल्वादोर मिनुचिन या प्रसिद्ध थेरपिस्टनेही १९७४च्या पुस्तकात पिढ्यांमधल्या सीमारेषांवर भर दिला.

हे आपल्या घरावर जसंच्या तसं लावून बघा. सासऱ्यांसमोर सून डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी आहे. अंतर तीन घरांचं. हा दुरावा आहे, धाक आहे, मान आहे, की तिघांचं मिश्रण? नवरा-बायको चारचौघांत शेजारी बसत नाहीत. म्हणजे प्रेम नाही? इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थांची प्रदेशवार मांडणी केली आणि महाराष्ट्रात उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती एकमेकींत मिसळलेल्या दाखवल्या. कोणाशी थट्टा करायची, कोणासमोर गप्प राहायचं, हे प्रत्येक भागात नात्यागणिक ठरलेलं असतं. झुरिकची फूटपट्टी ते मोजत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला जास्त टोचते. "आमच्याकडे अशीच रीत आहे" असं म्हणून खरा त्रास झाकता येतो. दाराआड उभी असलेली सून मान राखतेय की घाबरली आहे, हे मोजपट्टी सांगणार नाही. रीतही सांगणार नाही. ते तीच सांगू शकते, तिला विचारलं तर.

विज्ञानानेही हात आखडता घ्यायला सांगितलंय. २००० साली स्कॉट लिलिएनफेल्ड, जेम्स वुड आणि हॉवर्ड गार्ब या तिघांनी प्रक्षेपण चाचण्यांचा मोठा आढावा घेतला. त्यातून असं दिसलं की या चाचण्यांवरून काढलेल्या बऱ्याच निष्कर्षांना भक्कम पुरावा नाही. मुलाने काढलेल्या माणसाच्या चित्रावरून त्याच्या मनाचं निदान करणं तर विशेष कच्चं. म्हणून पाटावरच्या सोंगट्या बघून कोणी "हिला बापाचा राग आहे" असं छातीठोक सांगायला लागलं, तर तिथून उठा. रीलवर असे भविष्यवेत्ते बरेच आहेत. शिवाय एका दुपारी मांडलेलं शिल्प त्या दुपारचं असतं. काल पगार झाला असेल, तर बाबा दोन घरं जवळ येतात!

मग याचा उपयोग काय? लोवेनफेल्डबाईंची शिस्त आठवा. विचारायचं, हे काय आहे? ही सोंगटी इथे का ठेवलीस? ही अर्धा बोट सरकवली तर काय बदलेल? शिरपूरच्या त्या मुलीने आदर्श पटावर वडिलांना कुठे ठेवलं असतं, माहीत आहे? आपल्याशेजारी नाही, आईशेजारी. मग थेरपिस्टला वडिलांशी काय बोलायचं ते सापडतं. भांडणात पहिला फोन कोणाला लावायचा, एवढी छोटी गोष्ट. हे काम सोंगट्यांनी होत नाही, सोंगट्यांनंतरच्या बोलण्याने होतं.

आता शेवटचं, आणि हे नीट वाचा. एपिसोड आवडला म्हणून आज रात्री जेवणानंतर सगळ्यांना बसवून हा खेळ मांडू नका. ज्या घरात मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथे लहान मुलाने खरी मांडणी सगळ्यांदेखत केली, तर पाहुणे गेल्यावर त्याची किंमत त्याच मुलाला मोजावी लागते. जाणकार थेरपिस्ट म्हणूनच आधी एकेकट्याशी बोलतात. स्वतःपुरतं करायचं असेल तर दार लावून, शेंगदाणे घेऊन, आपल्या डायरीशेजारी करा. फोटो काढू नका, स्टेटसला तर मुळीच टाकू नका. मांडून झालं की शेंगदाणे खाऊन टाका, पुरावा संपला!

आणि मांडताना घशाशी आलं, तर कोणाशी तरी बोला. टेलि-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्यांसाठी १०९८. घरात हिंसा होत असलेल्या बायकांसाठी १८१. हे नंबर आत्ताच सेव्ह करा, स्वतःला नको असले तरी. वर्गातल्या एखादीला लागतील.

पुढच्या भागात आखाजीबद्दल बोलू. तोवर राम राम.